गोटीचा माऊस

दुकान, उल्हासनगर, कॅम्प दोन
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय अंजनी,
सप्रेम जय भीम.

टेबलावर जे काळं, फुगीर बसलंय ते बघून दचकू नकोस. बेडूक नाही, माऊस आहे. माझा भाचा महेंद्र कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे ना, त्याने आणून दिला. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे जेवायला गेले होते. भाकरीचा तुकडा मोडायला गेले आणि मनगटातून अशी कळ आली की हात ताटातच राहिला. पोरगा बघत होता. मला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, बाई, काम काय करता? म्हटलं, चित्रातल्या फुलावर माऊसने ठिपके टाकत जायचं, मग भरतकामाचं मशीन त्याच वाटेने कापडावर टाके घालतं. तो म्हणाला, म्हणजे दिवसभर क्लिक. किती वर्षं? म्हटलं, माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून, आणि आता तिची मुलगी शाळेत जाते. मग तो नुसता लिहीत बसला.

तर ह्या माऊसची गंमत अशी की तो हलवायचाच नाही. हात त्याच्यावर टाकून द्यायचा. अंगठा येतो तिथे निळी गोटी आहे, ती फिरवली की पडद्यावरचा बाण फिरतो. पहिल्या दिवशी बाण असा उधळला की माझी गुलाबाची पाकळी पडद्याबाहेर गेली. पण जमलं. तू तरुण आहेस, तुला तासाभरात जमेल. आत्तापासून वापर, म्हणजे माझ्या वयाची होशील तेव्हा भाकरी मोडता येईल.

मुरलीशेठची परवानगी काढायला महेंद्र स्वतः आला होता. बाहेरची वस्तू आत आणली की शेठना वाटतं कुणी डिझाईन चोरून नेणार. आपले फोनसुद्धा काउंटरवर जमा होतात, आणि ह्याच खुर्चीवर मी सकाळच्या पाळीला, तू संध्याकाळच्या, म्हणून तर हे कीबोर्डखालचं आपलं टपाल सुरू झालं. शेठनी माऊस उलटासुलटा करून पाहिला, कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या एका छिद्राची टेप काढून स्वतः लावला, आणि बाकीच्या छिद्रांवर परत टेप मारली. जुना माऊस ड्रॉवरमध्ये आहे.

आणखी एक. जनूमावशी रात्री टेबल पुसते आणि माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला टाकून जाते. रोज सकाळी आले की आधी तो उचलून उजवीकडे आणायचा, हे माझं कायमचं काम. वस्तू कुठे ठेवायची एवढी अक्कल नसावी का माणसाला? संध्याकाळी तुला भेटली तर जरा बोल तिला.

तुझी
यशोधराताई

---

मंगळवार, ७ जानेवारी

ती. यशोधराताईंस,
सा. नमस्कार.

माऊस पाहिला. छान आहे. भाकरीचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही एवढं सोसत होतात आणि मला कधी लिहिलं नाहीत.

जनूमावशींना सांगते. यापुढे माऊस डावीकडे दिसणार नाही.

सासूबाईंनी वालाच्या शेंगा दिल्यात, ड्रॉवरमध्ये पिशवी आहे. म्हणाल्या, "तुझ्या उल्हासनगरच्या ताईला दे, बाजारच्या शेंगांना चव नसते." मोराची डिझाईन पिसाऱ्यापर्यंत झाली आहे. चोच तुम्ही करा, चोच तुमच्यासारखी मला जमत नाही.

तुमची
अंजनी

---

गुरुवार, १६ जानेवारी

प्रिय अंजनी,

शेंगा संपल्या. सासूबाईंना माझा जय भीम सांग आणि पुढच्या वेळी पिशवी मोठी घे म्हणावं.

माझं मनगट आता रात्री दुखत नाही. खरंच सांगते. काल मी पीठ मळलं, आणि मळून झाल्यावर लक्षात आलं की मळलं. एवढा आनंद झाला की सुनेला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "मम्मी, पीठच आहे ते." तिला काय कळणार.

परवा आणखी गंमत. शेठ घरी बसून मोबाइलवर आपला कॅमेरा बघत होते. काउंटरवर फोन आला, आणि माणूस आत येऊन विचारतो, शेठ पूछ रहे हैं, यशोधराबेन सो गयी क्या? हात हिल नहीं रहा! मी कॅमेऱ्याकडे अंगठा उंच करून दाखवला. आता रोज सकाळी एकदा दाखवते.

काउंटरवरच्या बिलाच्या कॉम्प्युटरचा माऊस मेला होता. शेठ नवा आणायला निघाले होते, मी म्हटलं, आमचा जुना आहे ना ड्रॉवरमध्ये, घ्या. अंजनीलाही नवाच आवडलाय. शेठ खूश. आणि तुझ्या बोलण्याने जनूमावशीही सुधारली. माऊस रोज उजवीकडे असतो.

तुझी ताई

---

गुरुवार, १६ जानेवारी, संध्याकाळ

ती. ताई,

तुमचं मनगट बरं आहे हे वाचून मनापासून बरं वाटलं.

जुना माऊस दिलात ते ड्रॉवर उघडल्यावर कळलं. बरं केलंत. काउंटरवर उपयोगी पडेल.

आज काम थोडंच झालं आहे. उद्या भरून काढते.

अंजनी

---

मंगळवार, २८ जानेवारी

प्रिय अंजनी,

हे पत्र रागाने लिहीत नाही, काळजीने लिहितेय. पण आधी राग ऐकून घे.

शनिवारची जास्वंद तू केलीस ना? मशीनवर चढली आणि पाकळ्या एकमेकींच्या अंगावर गेल्या. देठ असा वाकडा की कापडाला गाठच बसली. पार्टीने माल परत पाठवला. शेठ साऱ्या दुकानासमोर ओरडले, "ये फूल है कि पत्तागोभी?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. गेले आठ-दहा दिवस मी रोज सकाळचा पहिला वेळ तुझं काम निस्तरण्यात घालवतेय. तुला कळू नये म्हणून लिहिलं नव्हतं.

तुझा हात असा नाही, अंजनी. मीच शिकवलंय तुला. तुझ्या शेजारी बसून, तुझा हात हातात धरून पहिलं पान काढून घेतलं होतं. पंधरा दिवसांत तू माझ्यासारखी वळणं घ्यायला लागलीस. पुढे तर माझ्याहून बरी. मग आता काय झालं? काम चुकत नसतं गं, मन चुकतं. घरात काहीतरी चाललंय, हे मला न सांगता कळतं. नाथाशी भांडण झालंय का? सासूबाई काही बोलल्या का? नको सांगूस, जबरदस्ती नाही.

पण मी तुझी बाजू घेतली आहे. शेठ तुला काढायच्याच गोष्टी करत होते. मी म्हटलं, तिच्या घरी त्रास आहे, ध्यान ठिकाणावर नाही, थोडे दिवस तिला हलकं काम द्या. त्यांनी ऐकलं. निवांत रहा आणि घरचं आधी सावर.

तुझी ताई

---

बुधवार, २९ जानेवारी

ताई,

शेठनी आज मला मागच्या खोलीत धागे कापायला बसवलं. म्हणाले, "यशोधरा बोली तेरा ध्यान घर में है." चहाच्या वेळेला इथे येऊन ही चिठ्ठी ठेवते आहे.

माझ्या घरी काही झालेलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?

अंजनी

---

उल्हासनगर, कॅम्प चार
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय अंजनी,

हे पत्र पोस्टाने पाठवतेय. फोन केले, तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि उत्तर येत नाही. बदलापूर गावातला तुझा पत्ता शेठच्या माणसाकडून घेतला. इतकी वर्षं एका खुर्चीवर बसलो आणि तुझा पत्ता मला दुसऱ्याकडून घ्यावा लागला.

तू आठवड्याभरात काम सोडलंस. मला वाटलं, घरच्या भानगडीनेच सोडलंस. मी दुकानात सगळ्यांना तसंच सांगत फिरले. तुझ्या जागी तेजल नावाची मुलगी आली, कॅम्प चारातलीच, आमच्या मागच्या गल्लीत राहणारी. गोड आहे. गुणगुणत काम करते.

परवा तेजलची सुट्टी होती, मी रात्रीपर्यंत बसले, तेव्हा जनूमावशी झाडायला आली. मी सहज म्हटलं, मावशी, अंजनी बोलली म्हणून माऊस जागेवर ठेवायला लागलीस, एरवी माझं ऐकत नव्हतीस. तिने झाडू भिंतीला टेकवला. म्हणाली, "मी कशाला हात लावू तुमच्या मशिनीला? ती पोरगी डाव्या हातानं काम करायची. तिच्याच हाताला असायचा तो."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

मग मावशीने सगळं सांगितलं. ह्या नव्या माऊसचे सुरुवातीचे दिवस तू गुपचूप ड्रॉवरमधला जुना लावायचीस, आणि जाताना गोटीचा परत लावून उजवीकडे ठेवायचीस. मग मी जुना देऊन टाकला. त्यानंतर तू हा डाव्या हातात घ्यायला बघायचीस. त्याचा आकारच उजव्या हाताचा, डाव्यात घेतला तर गोटी पार करंगळीकडे जाते. तू तो आडवा ठेवायचीस, खुर्ची तिरकी करायचीस, अंग पिळून करंगळीने गोटी फिरवायचीस. मग उजव्या हाताने. उजव्या हाताला ती सवयच नाही. मावशी म्हणाली, एकदा रडत होती, मी विचारलं तर म्हणाली डोळ्यात कचरा गेला.

अंजनी, रोज सकाळी मी तुझा माऊस डावीकडून उचलून उजवीकडे ठेवत होते आणि एका गरीब बाईला शिव्या घालत होते. एवढी वर्षं. मला एकदाही असं वाटलं नाही की जिथे वस्तू रोज असते तिथे कुणाचा तरी हात असेल. माझं मनगट बरं झालं आणि मी पीठ मळून नाचले. त्याच दिवसांत तू अंग पिळून बसत होतीस. वर मी तुझ्या सुखी घरावर आळ घेतला आणि तुला खुर्चीवरून उठवलं, आणि त्याला तुझी बाजू घेणं म्हणाले. मला स्वतःची लाज वाटते. जेवताना वाटते, गोटीवर अंगठा ठेवला की वाटते.

चूक माझी आहे. सगळी. तू दोन शब्द लिही, शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

यशोधरा

---

बदलापूर गाव
रविवार, २३ फेब्रुवारी

ती. ताई,

तुमचं पत्र तीन-चारदा वाचलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण सगळी चूक तुमची असं तुम्ही लिहिलंत, ते खरं नाही, म्हणून लिहिते.

मी लहानपणापासून डावखुरी. शाळेत बाईंनी पाटीवर उजव्या हाताने लिहायला लावलं, ते लिहिते. लग्नानंतर वाढायचं, कुणाला काही द्यायचं, ते उजव्याने शिकले. सासूबाई रागावत नाहीत. लोकांसमोर फक्त हळूच म्हणतात, "गो, तो दुसरा हात." तुमच्याकडे शिकायला आले तेव्हा तुम्ही माझ्या उजव्या बाजूला बसलात आणि माझा उजवा हात धरलात. तुम्ही एवढ्या प्रेमाने शिकवत होतात. मी कसं सांगू की ताई, हा हात नाही? ते पंधरा दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. संध्याकाळची पाळी मिळाली, एकटी बसले, आणि पहिल्याच दिवशी माऊस डावीकडे घेतला. त्या दिवशी जी वेल काढली ती तुम्ही शेठना दाखवलीत आणि म्हणालात, बघा, हात कसा बसला. तो डावा हात होता. मग तर सांगायची सोयच राहिली नाही.

माऊस उजवीकडे ठेवायला रोज विसरायचे. तुम्ही एकदा विचाराल, मग सांगू, असंही वाटायचं. तुम्ही कधी विचारलं नाही. आणि मग ते अक्कल नसल्याचं वाचलं. त्यानंतर तोंड उघडलं नाही.

माऊस छान आहे असं मीच लिहिलं. जुना दिलात त्याला बरं केलंत म्हणणारीही मीच. शेठना एकदा विचारलं, तो जुना परत मिळेल का? ते म्हणाले, "यशोधरा तो बोली तेरे को भी अच्छा लगता है." म्हणजे मीच बांधलेली गाठ.

पण जास्वंदीनंतर तुम्ही विचारू शकला असतात. मी सगळं तोंडावर लपवलं हे कबूल, पण तुम्ही विचारण्याच्या आधीच उत्तर लिहून टाकलंत. नाथाने तुमचं पत्र वाचलं. म्हणाला, "माझं नाव कशाला आलंय ह्यात?" मला तुमचा राग येतो, ताई. आणि राग आला की रडू येतं, कारण हे काम मला तुम्हीच दिलंत.

आता अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला जाते. रिक्षाने चौघी मिळून जातो. खोक्याला टेप लावायची. कुठल्याही हाताने लावली तरी चालते. पण दिवसभरात एक फूल नाही, एक पान नाही. आल्यावर डोळे मिटले की मला ठिपके दिसतात. मला ते काम आवडत होतं.

अंजनी

---

उल्हासनगर, कॅम्प चार
रविवार, २ मार्च

प्रिय अंजनी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी शेठसमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. माझ्या हट्टाने माऊस आला, मी जुना दिला, तिच्या घराबद्दलचं मी मनाने रचलं. शेठ म्हणाले, "लेफ्ट-राइट से मेरे को क्या, डिझाईन सीधा होना मांगता." म्हणजे बघ. त्यांना कधीच काही नव्हतं. तू घाबरलीस ती मला. हे मला रात्रंदिवस टोचतंय.

पण संध्याकाळची जागा आता तेजलची आहे, म्हणाले. पुढे लग्नसराईचा माल आहे, आता बदल नको.

मग मी काय करणार? काउंटरवरचा जुना माऊस मागून घेतला, आणि गोटीचा खोक्यात घालून महेंद्रला परत दिला. तू ज्याच्यामुळे उठलीस त्याच्यावर हात ठेवून मी आरामात काम करू शकत नाही. मनगट परत सुजलंय. सुजू दे. सून पट्टी बांधते आणि पुटपुटते. दुखलं की निदान एवढं तरी वाटतं की मी काहीतरी फेडतेय.

तुझी ताई

---

बदलापूर गाव
गुरुवार, ६ मार्च

ताई,

तुमच्या सुजलेल्या मनगटाचं मी काय करू?

लोणचं घालू? नाथाला दाखवलं तर तोही म्हणाला, ही काय तऱ्हा! मी इथे खोकी बांधते आणि तुम्ही तिथे हात सुजवता, ह्याने माझी वेल पुरी झाली का? पुन्हा तुम्ही तेच केलंत. मला न विचारता माझ्यासाठी. शेठकडे गेलात, मला विचारलं नाही. तेव्हा माझं घर बिघडवलंत, आता तुमचा हात बिघडवताय, आणि दोन्ही वेळेला माझ्या नावावर. आणि माझ्या मनावर तुमच्या हाताचंही ओझं टाकलंत. आधी फक्त राग होता, तो तरी सोपा होता.

तो गोटीचा माऊस आजच परत लावा. तो वाईट नाही. तुमच्या हातासाठी आणलाय, तुमच्या हाताला बसतो.

आणि तुम्ही विचारत नाही म्हणून मीच सांगते मला काय हवंय. मला परत यायचंय. कुणाच्या दयेने नाही. शेठना एवढंच विचारा की शनिवारी अंजनी येऊन एक डिझाईन करून दाखवेल, बघाल का? पुढचं मी बोलेन. तुम्हाला यायचं असेल तर या, पण माझ्या शेजारी बसू नका. हातही धरू नका. लांब बसा.

अंजनी

---

मंगळवार, ११ मार्च

अंजनी,

विचारलं. तू लिहिलंस तेवढंच विचारलं, वर एक शब्द घातला नाही. फार जड गेलं, तुला माझा स्वभाव माहीत आहे. शेठ म्हणाले, आने दो, देखेंगे.

गोटीचा माऊस परत लावला. महेंद्र हसत होता. माझ्या अंगठ्याला मात्र हायसं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून परत वाईट वाटलं. हे आता असंच चालणार बहुतेक. जुना माऊसही टेबलावर आहे. शेठना दुसऱ्या छिद्राची टेप काढायला सांगितली, त्यांनी नखाने काढली आणि निघून गेले. एवढंच होतं ते. दोन्ही माऊस एकाच वेळी चालतात. जानेवारीत मी तुला एक प्रश्न विचारला असता तर तेव्हाही चालले असते.

शनिवारी मी दाराजवळच्या बाकावर बसेन.

ताई

---

बदलापूर गाव
रविवार, १६ मार्च

ती. ताईंस,
सा. नमस्कार.

काल तुम्ही तोंड धुवायला म्हणून उठलात आणि बराच वेळ आला नाहीत. मला निघायचं होतं, रिक्षा थांबली होती. म्हणून लिहिते. तुम्ही गेल्यावर जे झालं ते तुम्हाला माहीत नाही.

शेठनी जास्वंदच दिली होती, तीच. मुद्दाम दिली असणार. मी माऊस डावीकडे घेतला तेव्हा काउंटरवरचे सगळे आत बघत होते. पहिली पाकळी पुसून परत काढली. दुसरीपासून मला कुणी दिसेनासं झालं. तुम्ही बाकावर बसून पदराचं टोक चावत होतात, ते मात्र दिसलं. खरं सांगू? तुम्ही उठून जवळ आला नाहीत, ह्याचं मला फार बरं वाटलं. तुम्हाला ते किती कठीण गेलं असेल ते मला कळतं.

शेठ पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवार से आ जा." तेव्हाच तुम्ही डोळे पुसत बाहेर गेलात.

मी विचारलं, पाळी कुठली? ते म्हणाले, तेरी वाली, शाम की. तेजल को मैं बोल दूँगा. मी मान हलवली. हो म्हटलं, ताई. एवढ्या दिवसांचं मनात साठलेलं हो होतं, ते लगेच बाहेर पडलं.

मागे वळले तर तेजल दारात उभी होती. तिची पाळी सुरू व्हायला वेळ होता, लवकर आली होती. हातात डब्याची पिशवी. तिने ऐकलं होतं. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, पण गळ्यात फोन जमा केल्याचं टोकन होतं, त्यावरून ओळखलं. मला वाटलं रडेल, नाहीतर काहीतरी बोलेल. ती आत आली, खुर्चीवर ठेवलेली आपली उशी उचलली, आणि मला म्हणाली, "दीदी, ती पेरूच्या पानांची डिझाईन माझी अर्धी झालीय. सेव्ह केलीय. एका पानाचा कोपरा मला जमला नाही, तेवढं बघून घ्या ना." असं बोलली, जसं आपण एकमेकींना कीबोर्डखाली लिहीत होतो.

मी बरं म्हटलं. तिच्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत राहिले आणि ती जिना उतरल्याचा आवाज ऐकला.

रात्री झोप आली नाही. तुमचा राग मी दीड महिना जपून ठेवला होता. तुम्ही एवढ्या माफ्या मागितल्यात तरी सोडला नव्हता. मनात रोज म्हणायचे, एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? काल मला तिथे उभं राहून एकच वाक्य बोलायचं होतं. शेठ, हिचं काय? संध्याकाळची पाळी वाटून घेता येईल, लग्नसराईचा माल आहे, दोघींना पुरेल का? मला ते सुचलंसुद्धा होतं. पण हो आधी निघालं आणि मग तोंड मिटलं. माझी खुर्ची परत मिळाली होती ना. मला दुसरं काही नको होतं.

त्यामुळे तुमच्यावरचा राग आता शोधूनही सापडत नाही. मला तो ठेवायला जागाच उरली नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आणि कृपा करून माझ्या आधी शेठकडे जाऊन तिच्यासाठी बोलू नका. शेठना मी स्वतः विचारणार आहे. नाही म्हणाले तर काय करायचं, ते मला माहीत नाही. खुर्ची सोडेन असं मी लिहिणार नाही, कारण सोडवेल की नाही ह्याची मला खात्री नाही.

तिचं घर तुमच्या मागच्या गल्लीत आहे ना? कुठलं ते मला सांगा. आधी तिला भेटते, आणि तिला काय हवंय ते विचारते.

तुमची
अंजनी